आईच्या पोटातलं गोदाम

समस्त चिंचणी, तारापूर, बोईसर आणि (ताई वाचत असेल तर) सफाळे येथील नागरिकांना अत्यंत गंभीरपणे जाहीर करण्यात येतं, की लोह आणि कॅल्शियम यांचं एकमेकांशी पटत नाही.

पटत नाही म्हणजे मारामारी होते, धूर निघतो, असं काही नाही. पण दोघं एकदम पोटाच्या दाराशी आले, की दारातच अडून बसतात आणि लोहाला आत जायला वाव मिळत नाही. ही गोष्ट मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळली, आणि ती आईच्या गुडघ्यामुळे कळली. गुडघ्याचा आणि पोटाच्या दाराचा संबंध काय, ते सांगतोच. पण त्याआधी माझी नोकरी काय आहे ते सांगायला हवं, कारण लाज वाटण्यासारखा भाग तिथे आहे.

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात कच्च्या मालाचं गोदाम सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय करतो? ज्यांचं एकमेकांशी पटत नाही त्यांना लांब ठेवतो. आम्लाची पिंपं एका टोकाला, अल्कलीची दुसऱ्या टोकाला. पेटणारा माल एका भिंतीआड, पेटायला मदत करणारा दुसऱ्या भिंतीआड. गोदामात एक भलामोठा तक्ता टांगला आहे. कोण कोणाशेजारी चालेल ते हिरव्या चौकोनात, कोण चालणार नाही ते लाल चौकोनात. तो मला तोंडपाठ आहे. रोज पहिली पाळी सुरू होताना मी कामगारांपुढे सुरक्षेवर पाच मिनिटं बोलतो. (माझी बायको नीता म्हणते, पाच मिनिटं ही कंपनीची अपेक्षा, प्रत्यक्षात वीस.) कामगार निम्मे उत्तरेकडचे, म्हणून मी हिंदीत बोलतो. हातवारे करतो, पिंपांचे आवाजही काढतो.

"देखो भाई, हर ड्रम का अपना स्वभाव होता है. ये वाला शांत दिखता है. लेकिन इसके बाजू में उसको बिठाया, तो दोनों का दिमाग फिरता है."

शेवटी सगळ्यांकडून एका सुरात म्हणून घेतो, "पहले लेबल पढो, फिर हाथ लगाओ." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते माझ्याच अंगावर येणार आहे.

आता आई. वय पंचाहत्तरीच्या अलीकडे, आवाज पंचविशीतला आणि गुडघे, तिच्याच भाषेत सांगायचं तर, "भंगारवाल्यानं पण परत केलेले". चिंचणीत आमच्या घरामागे चिकूची वाडी आहे. वाडी तशी लहान, पण आईच्या लेखी ते राज्य. पूर्वी ती दिवसातून दोनदा सगळ्या झाडांखालून फिरून यायची. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून राज्यकारभार ओट्यावरून चालतो. चिकू उतरवायला जानू येतो. त्याच्या हातात लांब बांबूला जाळी बांधलेली बेडणी असते. तो झाडात दिसेनासा झाला, की आई ओट्यावरून हाक मारते.

"जानू, शेवटच्या रांगेला गेलास का?"

"गेलतो ना मावशे."

"सगळे उतरवलेस?"

"सगळे."

मग आई माझ्याकडे वळते आणि आवाज खाली आणून म्हणते, "नाय गेला. तिथं पिकून पडतात चिकू. वटवाघळांची चैन हाय नुसती."

ही शेवटची रांग ओट्यावरून दिसत नाही. ती स्वतःच्या पायांनी चालत जाऊन बघायची, एवढीच आईची इच्छा उरली होती. माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे सफाळ्याच्या ताईने, एकदा विचारलं, "आई, गुडघा नवा बसवला की तुला कुठे नेऊ? काशीला?" आई म्हणाली, "काशीचं काशीवाले बघतील. मला शेवटच्या रांगेला जायचंय."

पालघरच्या सर्जननी गुडघा तपासला. बदलता येईल म्हणाले. पण रक्ताचा रिपोर्ट बघून कागद खाली ठेवला. हिमोग्लोबिन नऊ होतं. "अकराच्या पुढे न्या, मग तारीख देतो," असं म्हणून त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि मला विचारलं, "आणखी काही औषधं चालू आहेत?"

मी म्हणालो, "किरकोळ."

या किरकोळमध्ये काय काय होतं ते बघा. आमच्या बोईसरच्या डॉक्टरबाईंनी हाडांसाठी दिलेली कॅल्शियमची गोळी, जी दिसायला थेट फळ्यावर लिहायच्या खडूसारखी. दुबईच्या भाच्याने पाठवलेल्या व्हिटॅमिन आणि खनिजांच्या गोळ्या, लोणच्याच्या बरणीएवढ्या डब्यातून. आणि ताईने आणलेली झिंकची गोळी. ही कशासाठी, असं मी विचारल्यावर ताई म्हणाली होती, "माझे केस बघ." मी बघितले. पुढे काही विचारायची सोय उरली नाही.

हे सगळं वेगवेगळ्या वेळांना द्यायचं काम नीताकडे होतं. ती दिवसभर हातात गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन आईच्या मागे असायची.

"आई, दुपारची राहिली."

"आता तर घेतली."

"ती सकाळची."

"सकाळची मी काल घेतली."

असं थोडे दिवस चाललं. मग मी पुढे सरसावलो. म्हणालो, "नीता, हा माणसांचा प्रश्नच नाही. हा व्यवस्थेचा प्रश्न आहे. दे माझ्याकडे."

तिने इतक्या चटकन सगळे डबे माझ्या हातात दिले, की मला तिथेच शंका यायला हवी होती.

इथे एक मनातलं सांगतो. कारखान्यात उत्पादनवाले लोक दिवसभर सगळं एका भांड्यात ओततात, ढवळतात, आणि त्यातून काहीतरी बनतं. आम्ही गोदामवाले आयुष्यभर फक्त ह्याला त्याच्यापासून लांब ठेवतो. कधीतरी आपणही सगळं एकत्र करून बघावं, असं माझ्या मनात खोल कुठेतरी असणार. ती संधी मला आईच्या रूपाने मिळाली.

मी एक स्टीलची वाटी घेतली. लोहाची, कॅल्शियमची, बरणीतली, ताईची, सगळ्या गोळ्या तिच्यात टाकल्या. वेळ एकच, सकाळची, माझी शिफ्टची बस यायच्या आधी. आणि घ्यायच्या कशाबरोबर? तर चहाबरोबर. कारण आई एक वेळ माझं नाव विसरेल, पण सकाळचा चहा विसरणार नाही. आणि आमच्या घरचा चहा म्हणजे काळाकुट्ट उकळलेला, वर दुधाची साय. मी या योजनेला "पहिली पाळी" असं नावही दिलं.

नीता पाकीट डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "अहो, यावर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलंय."

"लिहावं लागतं त्यांना."

"वाचून तरी बघा."

"चष्मा आत आहे. बस येईल आता."

(पहले लेबल पढो. असो.)

आई मात्र खूश झाली. एका घोटाला एक गोळी, चहा संपला की गोळ्याही संपल्या. "एकदाची कटकट गेली. पम्याचं डोकं हाय हो," असं ती शेजारी सांगू लागली. मीही बसमध्ये दोघातिघांना ही युक्ती समजावून सांगितली. (त्यांच्या घरच्यांची इथेच जाहीर माफी मागतो.)

आठवड्याभरात आईला आंबट ढेकर येऊ लागले. मी म्हणालो, घाबरायचं कारण नाही, आणि वाटीत आम्लपित्ताची एक गोळी वाढवली. मग पोट साफ होईना. म्हणून संध्याकाळी इसबगोल सुरू केलं. आता आई सकाळी गोळ्या खायची त्या तिच्या आजारासाठी, आणि उरलेल्या गोळ्या खायची त्या माझ्या उपायांसाठी. वाटीत उपायांची संख्या वाढत चालली होती.

सांगितलेल्या मुदतीनंतर रक्त तपासलं. नऊच्या जागी आठ पॉइंट नऊ.

"पॉइंट एक गेला कुठे?" मी रिपोर्ट उलटसुलट करत म्हणालो.

आई म्हणाली, "त्या पोरीनं सुईतून काढून घेतला ना. मी बघत होते."

मी आधी लॅबवर संशय घेतला. बोईसरची लॅब सोडून पालघरला रक्त दिलं. तिथेही तेच. मग गोळ्यांवर संशय घेतला, दुकान बदललं. तेवढ्यात ताई सफाळ्याहून पिशवीभर पालेभाजी घेऊन आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून नीताला गोड आवाजात विचारती झाली, "नीता, आईला पालेभाजी असते ना गं जेवणात?"

"असते ना ताई."

"रोज?"

या एका "रोज"नंतर आमच्या घरात जे हवामान झालं, ते सांगण्यात अर्थ नाही. दोघी एकमेकींशी अतिशय नम्रपणे बोलू लागल्या. तेवढ्यावरून काय ते समजा. नीताने दुसऱ्या दिवसापासून माळ्यावरची लोखंडी कढई काढली आणि सगळा स्वयंपाक तिच्यात सुरू केला. पोहे काळे, उसळ काळी, आमटीचा रंग तर असा, की आईने ताट जरा लांब सरकवून मला विचारलं, "ही आमटी हाय, का तुझ्या गोदामातनं काय आणलंस?" सकाळी बीट, दुपारी माठ, संध्याकाळी चवळई. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "पम्या, मी म्हैस नाय."

हिमोग्लोबिन तिथेच. शेवटच्या रांगेत (आईच्या म्हणण्याप्रमाणे) चिकू पिकून पडत होते, आणि सर्जन तारीख देत नव्हते.

मग माझ्या डोक्यात तो विचार आला, जो आला नसता तर बरं झालं असतं. आई गोळ्या घेतच नसेल तर? आमच्या मांजरीचं अंग अलीकडे फार तुकतुकीत दिसत होतं. एका सकाळी मी आईसमोर वाटी आणि चहा ठेवला, "बस आली" म्हणून बाहेर पडलो आणि मागच्या दाराने येऊन स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहिलो. फटीतून बघतो, तर आई एकेक गोळी उचलून तिच्याशी बोलत होती.

"ही लोखंडाची. ही चुन्याची. ही दुबईची. ही वंदीची, केसांची." (वंदी म्हणजे ताई.) प्रत्येक गोळीला एक घोट. शेवटी बिस्किटाचा तुकडा मांजरीला, आणि मग दाराकडे न बघता, "पम्या, तिथं पाल हाय. बाहेर ये."

मी बाहेर आलो. (पाल खरंच होती.) खरं तेच बोललो. "मला वाटलं, तू गोळ्या टाकून देतेस."

आई वाटी बोटाने फिरवत राहिली. मग म्हणाली, "कशाला टाकीन रे? मला जायचंय ना तिकडं. तुझ्यापेक्षा घाई मला हाय."

त्या दिवशी माझी बस खरोखरच चुकली. मी रजा टाकली आणि आईला रिक्षात घालून बोईसरला डॉक्टरबाईंकडे नेलं. नीताही आली. जाताना मी सोबत वाटी घेतली, सगळे डबे घेतले आणि थर्मासात चहाही घेतला. डॉक्टरांना पद्धत नीट समजली पाहिजे.

डॉक्टरबाईंनी सगळे रिपोर्ट पाहिले. पोट तपासलं, आणखी एकदोन तपासण्या लिहिल्या. मग विचारलं, "गोळ्या कशा घेता आजी?"

याच क्षणाची मी वाट बघत होतो. मी टेबलावर वाटी मांडली. एकेक गोळी तिच्यात टाकत, गोदामात बोलतो त्याच आवाजात, मी पूर्ण प्रात्यक्षिक दिलं. शेवटी थर्मास उघडून कपात चहा ओतला आणि म्हणालो, "एका घोटाला एक. विसरायचा प्रश्नच नाही."

डॉक्टरबाई वाटीकडे बघत होत्या. मग कपाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"तुम्ही कुठे असता कामाला?"

"रसायनांचं गोदाम सांभाळतो."

"तिथे सगळं असंच एका जागी ठेवता?"

माझ्या शेजारून नीताचा एक बारीक आवाज आला. खोकला नव्हता तो.

मग डॉक्टरबाईंनी मला समजावलं. लोह आणि कॅल्शियम एकदम पोटात गेलं, की लोह नीट शोषलं जात नाही. चहातला तुरटपणा लोहाला धरून ठेवतो. झिंक आणि लोह बरोबर घेतले, तर त्यांचीही आत जायला चढाओढ होते. लोहाला पोटातलं आम्ल लागतं, आणि मी तेच आम्ल मारायची गोळी रोज त्याच्याच वाटीत टाकत होतो. आंबट ढेकर आणि साफ न होणारं पोटही या गोळ्यांच्या गर्दीतूनच आलं असणार.

"म्हणजे लोह गेलं कुठे?" मी विचारलं.

"पोटातून फिरून बाहेर. बरंचसं."

आई म्हणाली, "म्हणजे मी एवढे दिवस लोखंड नुसतं फिरवून आणत होते?"

"जवळजवळ. आणि ही झिंकची कोणी सांगितली?"

मी थर्मासचं झाकण लावू लागलो. सफाळ्याला त्याच वेळी ताईला उचकी लागली असणार.

डॉक्टरबाईंनी झिंक आणि दुबईची बरणी बंद केली. "नातेवाइकांनी आणलेली असली तरी गोळी ती गोळीच. आधी मला विचारायचं," असं आईला आणि खरं म्हणजे मला सांगितलं. लोहाची गोळी सकाळी उठल्यावर, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. चहा त्यानंतर निदान तासाभराने. कॅल्शियम दुपारी जेवणानंतर. आम्लपित्ताची गोळी रोजची नाहीच. निघताना त्यांनी कॅल्शियमचं पाकीट माझ्या हातात देऊन एका ओळीवर बोट ठेवलं. बारीक अक्षरांत, अगदी स्वच्छ लिहिलं होतं, की लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये.

मी चष्मा लावून ते वाचलं. रिक्षात नीता बाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते, आणि रस्ता तेवढा खराब नव्हता.

नंतरच्या तपासण्यांत दुसरा काही दोष निघाला नाही. गोळ्यांचं खातं परत नीताकडे गेलं. मला स्वयंपाकघरातल्या त्या फळीला हात लावायची बंदी झाली. सकाळची गोळी आणि चहा यांच्यामधला तो एक तास मात्र आमच्या घराला फार जड गेला. बिनचहाची आई ओट्यावर बसून सगळ्यांचे दोष काढायची. माझ्यापासून सुरू करून, जानू, मांजर, दुबईचा भाचा, अशी ती सर्जनपर्यंत पोचेस्तोवर चहाची वेळ व्हायची. ताई पुन्हा आली तेव्हा तिने पिशवीतून पालेभाजी काढली आणि नीताला म्हणाली, "तुझ्या हातची चवळई मलाही दे गं जरा." नीताने लोखंडी कढई माळ्यावर परत टाकली. युद्धसमाप्तीची आमच्याकडे एवढीच घोषणा होते.

हिमोग्लोबिन हळूहळू वर चढलं. साडेअकरा झालं तेव्हा सर्जननी तारीख दिली, आणि आईचा उजवा गुडघा बदलला गेला.

आधी वॉकर, मग काठी. एका सकाळी आई चहा पिऊन उठली, काठी घेतली आणि कोणाला काही न सांगता वाडीत शिरली. मी मागे थोडं अंतर ठेवून चालत होतो. ती वाटेत कुठे थांबली नाही. शेवटच्या रांगेशी पोचली आणि एकेक झाड खालून वरून बघत गेली. खाली एकही चिकू पडलेला नव्हता. फांद्यांवरही नव्हता. जानूने सगळी रांग चोख उतरवली होती. आईचा चेहरा पार उतरला. ती शेवटच्या झाडापाशी आली, बुंध्याभोवती फिरली, आणि मग दोन फांद्यांच्या बेचक्यात तिला एक सापडला. एकच, बारका, एका बाजूने काळा पडलेला. तो पुढे धरून ती माझ्याकडे वळली. "बघ. सांगत नव्हते मी?" इतकी खूश मी तिला बाबा असतानासुद्धा पाहिली नव्हती.

यानंतर काही दिवसांनी आमच्या कारखान्यात सुरक्षा सप्ताह होता. सर्वांत नीट सांभाळलेल्या गोदामाचं प्रमाणपत्र मला मिळणार होतं आणि घरच्यांना बोलावणं होतं. शेडमध्ये मंडप, समोर तिन्ही पाळ्यांचे कामगार, मागे माझा तो लाल-हिरवा तक्ता टांगलेला. सूत्रसंचालन करणाऱ्याने सांगितलं, की एकमेकांशी न जमणारा माल कसा वेगळा ठेवावा, याचे हे आदर्श आहेत, आणि प्रमाणपत्र त्यांच्या मातोश्रींच्या हस्ते दिलं जाईल.

मंचाला तीन पायऱ्या होत्या. मी हात द्यायला वाकलो. आईने तो बाजूला केला, काठी नीताकडे दिली आणि तिन्ही पायऱ्या एकटी चढली. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. तिने मला प्रमाणपत्र दिलं, मी वाकून नमस्कार केला. तेवढ्यावर थांबलं असतं, तर मी आज हे लिहायला बसलोच नसतो. पण सूत्रसंचालकाने माइक तिच्यापुढे धरला आणि म्हणाला, "आजी, मुलाबद्दल दोन शब्द."

आईने आधी तक्त्याकडे बघितलं. मग पहिल्या रांगेत बसलेल्या नीताकडे. मग माइक स्वतःच्या हातात घेतला.

"पिंपं सांभाळतो हो माझा पम्या, झकास सांभाळतो. पण बाबांनो, गोळ्या मात्र आपापल्या बायकांकडनं घ्या."